ताकीद कायम ठेवावी

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, तरी बाई सकाळी पावणेआठच्या ठोक्याला टेबलाशी हजर असत. लष्करी इस्पितळांतल्या झाडून सगळ्या सिस्टरांच्या त्या प्रमुख होत्या, हुद्द्याने मेजर जनरल. खांद्यावरच्या चिन्हांकडे पाहून भलेभले कर्नल उठून उभे राहत, पण सिस्टरांमध्ये त्यांचं नाव होतं 'इस्त्री'. गणवेशाची घडी मोडत नाही म्हणून इस्त्री, असं नव्या मुली समजत. जुन्या म्हणत, तसं नाही, जवळून गेलं की चटका बसतो म्हणून. बाईंनाही हे ठाऊक होतं. एकदा तपासणीला गेल्या असताना वॉर्डातून "इस्त्री आली, इस्त्री आली" अशी कुजबुज ऐकू आली, तेव्हा त्या दारातच थांबून म्हणाल्या, "आलीय, आणि तापलेलीही आहे. चादरी सरळ करा."

चौदा इस्पितळं, दोन लढाया, एक महापूर, आठ वर्षं प्रशिक्षण विद्यालयाच्या प्राचार्य. छातीवर रिबिनींच्या दोन ओळी होत्या. पण त्यांचं नाव खरं झालं होतं ते एका नियमामुळे. ड्यूटी संपली तरी सिस्टरने वॉर्ड सोडायचा नाही. पुढची शिकलेली सिस्टर येईल, दोघी मिळून प्रत्येक खाटेपाशी जातील, पेशंटची हालहवाल तिथेच तोंडी सांगितली जाईल, वहीत दोघींच्या सह्या होतील, आणि मगच पहिलीने बाहेर पाऊल टाकायचं. आधी सगळ्यांनी कुरकुर केली. "या बाई स्वतःचा जीवसुद्धा यमाची सही घेतल्याशिवाय सोपवायच्या नाहीत," असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळीकडे पसरलं. पण पाच-सहा वर्षांत नियम असा रुळला की एके काळी तो नव्हता, हे सांगूनही नव्या मुलींना पटत नसे.

त्या सकाळी त्यांच्या हाताखालची मेजर एक जाडजूड फाइल घेऊन आत आली. पस्तिशीची, कामाला वाघ, आणि मनातलं लपवता न येणारी. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की बातमी चांगली आहे आणि तिला एक शेपूट आहे.

"मॅडम, सर्वोच्च सेवापदकासाठी तुमचं नाव वर गेलंय. आपल्या सेवेतल्या कुणाला आजवर मिळालेलं नाही."

"बस. आणि पुढचं सांग."

मेजर बसली. "समितीला रेकॉर्ड कोरं लागतं. तुमच्या फाइलमध्ये एक जुनी लेखी ताकीद आहे. चौतीस वर्षांपूर्वीची."

"आहे."

"ती काढता येते, मॅडम. दोनच कागद लागतात. एक तुमचा अर्ज, की ताकीद अन्यायाची होती. दुसरं, ज्यांनी दिली त्यांचं पत्र, की मागे घ्यायला हरकत नाही. ते कर्नलसाहेब हयात आहेत. याच शहरात राहतात. मी फोन केला होता. म्हणाले, बाईंना पाठवा, मी सही करतो." एवढं सांगून तिला राहवलं नाही. "खरं तर ही ताकीद म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे! तुम्ही एका माणसाचा जीव वाचवलात. विद्यालयात आम्हाला धडा होता तो. त्याच महिन्यात पदक आणि त्याच महिन्यात ताकीद!"

"अर्जाचा मसुदा केलायस?"

"हा घ्या."

मसुदा चोख होता, नुसती सही करायची होती. बाईंनी तो दोनदा वाचला आणि खणात ठेवला. "आधी कर्नलसाहेबांना भेटून येते," एवढंच त्या म्हणाल्या.

विद्यालयातला तो धडा असा होता. सीमेजवळ एका रिकाम्या गोदामात तात्पुरतं इस्पितळ होतं. चोवीस वर्षांची एक लेफ्टनंट सिस्टर तिथे होती. एका दुपारी एका ट्रकच्या ड्रायव्हरला आणलं. जखम जांघेत, इतकी वर की रक्त थांबवायचा आवळपट्टा बांधायला जागा नाही. मोठी रक्तवाहिनी फाटलेली. ती शिवणारा सर्जन अडीच तासांवरच्या मोठ्या इस्पितळात. तोवर कुणीतरी मूठ दाबून धरली तरच माणूस जगणार. सिस्टर ॲम्ब्युलन्समध्ये चढली आणि खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने अडीच तास गुडघ्यावर बसून मूठ दाबत राहिली. पोचल्यावर तिची बोटं उघडेनात, दोघांनी मिळून ती उघडली. ड्रायव्हर जगला, पायही वाचला.

धड्यात एवढंच होतं, आणि ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

धड्यात नव्हतं ते असं. गोदामात त्या दिवशी एकोणीस जखमी होते आणि सिस्टर एकटी होती, कारण दुसरी तापाने फणफणली होती. गोदामातले सर्जन, म्हणजे आजचे कर्नलसाहेब, आत दुसऱ्या एकावर शस्त्रक्रिया करत होते. दाराच्या फटीतून त्यांनी सांगितलं होतं, "सिस्टर, स्ट्रेचरवाल्याला पाठवा. तुम्ही वॉर्ड सोडायचा नाही." सिस्टरने एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं, एकदा स्ट्रेचरवाल्याकडे. तो चाळिशीचा, भला माणूस, पण रक्तवाहिनी कुठे असते हे त्याला माहीत नव्हतं. मग तिने उलटंच केलं. वॉर्ड त्याच्या हवाली केला आणि स्वतः गेली.

वॉर्डात सातव्या खाटेवर पलटणीचा एक स्वयंपाकी होता. छातीत तुकडा घुसलेला, बरगड्यांमधून नळी घातलेली, नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत. छातीतली हवा त्या वाटे बाहेर पडते आणि पाण्यात बुडबुडे येतात. चार दिवसांत गडी चांगला सुधारला होता. सिस्टर परत आली तेव्हा ती खाट रिकामी होती. स्ट्रेचरवाला भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "सिस्टर, बाटलीतले बुडबुडे थांबले, तेव्हा मला वाटलं, आता बरं होतंय याचं."

स्वयंपाकी कुशीवर वळला होता आणि नळी अंगाखाली दुमडली होती. सरळ करायला दोन सेकंद लागले असते. पण ते ओळखणारं तिथे कुणी नव्हतं.

ताकिदीत सर्जनने एकच ओळ लिहिली होती, 'परवानगीविना कामाची जागा सोडली.' स्वयंपाक्याचा त्यात उल्लेखच नव्हता. सिस्टरनेही तोंड उघडलं नाही. पुढे कुणीच विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची हिंमत काही झाली नाही.

मेजर फाइल घेऊन आली त्या संध्याकाळी धाकट्या बहिणीने जेवताना ओळखलंच, काहीतरी बिनसलंय. नवरा गेल्यापासून ती ताईकडेच राहत होती आणि ताईचं मौन तिला पाठ होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, आता कशाला उकरतेस? चौतीस वर्षं झाकून ठेवलंस, आणखी सहा आठवडे दम धर की. पदक घे, घरी ये, मग हवा तेवढा पश्चात्ताप कर. मी आहे ऐकायला."

"पश्चात्ताप करायचा नाहीये गं. अर्जात 'अन्याय' असं लिहायचंय. तो शब्द हातून उतरत नाही."

"मग मी लिहिते, तू सही कर!"

दोघी हसल्या, पण भाजीची वाटी ताईच्या पुढ्यात तशीच राहिली.

कर्नलसाहेब एक्याऐंशीचे झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या लहानशा घरात एकटे राहत. हात थरथरत, पण नजर अजून सर्जनचीच होती. दार उघडताच त्यांनी बाईंच्या खांद्याकडे पाहिलं आणि ताठ उभं राहून सलाम ठोकला.

"साहेब, हे काय!"

"नियम आहे. तू माझ्या वर गेलीस. आता आत ये आणि बस, जनरल." खुर्चीवरची वर्तमानपत्रं त्यांनी खाली ढकलली. "दे, कुठे सही करायची?"

"सहीआधी एक विचारायचंय. मी वॉर्डात असते तर तो स्वयंपाकी वाचला असता?"

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चौतीस वर्षांत आज विचारते आहेस."

"उत्तराची भीती होती."

"उत्तर असं आहे की मला माहीत नाही. फुफ्फुसात रक्ताची गाठही गेली असेल. तिथे शवविच्छेदन करायला कुणाला सवड होती? पण दुमडलेली नळी मी पाहिली होती."

बाईंना हे नवीन होतं. त्या थोड्या पुढे सरकल्या. "तुम्ही पाहिली होती? मग लिहिलं का नाही? मला वाटत आलं की तुम्हाला कळलंच नाही, किंवा..."

"किंवा मी तुझ्यावर दया केली. नाही का?" म्हातारा स्वतःशीच हसला. "थोडी केलीही असेल. पण नळीचं लिहिलं असतं, तर एकोणीस जखमींमागे एकच सिस्टर का, हेही लिहावं लागलं असतं. दुसरी सिस्टर पाठवा असं मी वर कळवायला हवं होतं. चार दिवस कळवलं नव्हतं, कारण निभतंय असं वाटत होतं. तेव्हा तुझ्यावर पांघरूण घातलं, त्यात माझेही पाय झाकले गेले."

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि ड्रायव्हर?" बाईंनी विचारलं.

"तो मात्र नक्की मेला असता. त्यात शंका नाही. तू गेलीस ते बरोबर केलंस, आणि मी ताकीद दिली तीही बरोबर दिली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तरुण असताना हे कळत नाही, आणि म्हातारपणी कळून उपयोग नसतो. आण तो कागद."

"कागद आणलाच नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "ताकीद राहू द्यायची आहे. आणि राहिलेली ओळ लिहायची आहे. तुमचाही उल्लेख येईल, म्हणून विचारायला आले."

कर्नलसाहेबांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "लिही. खाली माझ्या सहीला जागा ठेव. हात थरथरतो, तेव्हा जरा मोठी ठेव."

दुसऱ्या दिवशी मेजरला कळलं तेव्हा ती अक्षरशः हवालदिल झाली. "मॅडम, पदक हातचं जाईल!"

"जाऊ दे. पण फाइलला कळायच्या आधी त्या माणसाच्या घरच्यांना कळायला हवं. पत्ता शोधून दे."

पत्ता सापडायला नऊ दिवस लागले. रविवारी सकाळी बाई साध्या कपड्यांत, बसने, एकट्या गेल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. स्वयंपाक्याची बायको चौसष्ट वर्षांची होती. शाळेचे गणवेश शिवण्यावर तिने मुलगी वाढवली होती, आणि अजूनही शिवत होती. खोलीभर निळ्या कापडाचे तुकडे होते, गळ्यात टेप होता. कुणाची तरी आजी मापं द्यायला आली असावी असंच तिला वाटलं.

"मी त्या इस्पितळातली सिस्टर," बाई म्हणाल्या. "तुमचे मिस्टर माझ्या वॉर्डात होते."

मशीन थांबलं. "बसा," ती म्हणाली. मग स्वतःच पुढे बोलली, "पत्रात लिहिलं होतं, शांतपणे गेले. खरंच शांतपणे गेले का हो?"

प्रवासभर बाईंनी वाक्यं जुळवत आणली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "मला माहीत नाही. मी तिथे असायला हवी होते. मी नव्हते."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ड्रायव्हर, मूठ, स्ट्रेचरवाला, नळी, बुडबुडे. काही वगळलं नाही, काही रंगवलंही नाही. शिवणवालीने मान खाली घालून ऐकलं. मध्येच तिने मशीनवरची अर्धी शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि ते कापड बाजूला ठेवलं.

"तो ड्रायव्हर जगला?"

"जगला. त्याला नातवंडं आहेत."

"म्हणजे कुणाची तरी बायको सुटली."

"हो."

"आणि मी सापडले." आवाजात राग नव्हता, कापड मोजावं तसं मोजून ती बोलत होती. "तुम्हाला चौतीस वर्षं लागली यायला."

"हिंमत झाली नाही. हुद्दा वाढत गेला, हिंमत काही वाढली नाही."

"आधी यायला हवं होतं. मुलगी लहान असताना रोज विचारायची, बाबांजवळ कोण होतं. मी सांगायचे, सिस्टर होत्या, चांगल्या होत्या. तुमच्याबद्दल मी खोटं बोलत होते, आणि मला ठाऊकच नव्हतं."

खालच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

मग शिवणवालीने विचारलं, "ते चार दिवस कसे होते ते? काय बोलायचे?"

हे मात्र बाईंना लख्ख आठवत होतं. "आमच्या भटारखान्याला नावं ठेवायचे. पहिला घास घेतला की म्हणायचे, मिठाला हात आखडता घेतलाय, सैन्य उपाशी मरेल पण शत्रूच्या हातून नाही. तिसऱ्या दिवशी तर आचाऱ्याला खाटेपाशी बोलावून शिकवणी घेतली. नळीसकट हातवारे करत होते. मी ओरडले, तर मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही नळी बघा, मी मीठ बघतो."

शिवणवाली हसली, एकदम, मोकळी. "आणि घरी? घरी चुलीकडे फिरकायचे नाहीत. म्हणायचे, मी सुट्टीवर आहे." हसता हसता तिचे डोळे भरले, तशी तिने टेपच्या टोकानेच ते टिपले. मग टेप पुन्हा गळ्यात नीट केला.

"आज चहा विचारत नाही," शेवटी ती म्हणाली. "मनात नाहीये. राग मानू नका."

"नाही मानत."

"आणि पुढच्या आठवड्यात वगैरे येऊ नका. मला विचार करू द्या. मुलीलाही सांगायचंय. फोन नंबर ठेवून जा."

बाईंनी नंबर लिहून दिला आणि त्या निघाल्या. अंगावरचं ओझं उतरेल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही. ओझं होतं तिथेच होतं, फक्त आता ते आणखी कुणाला तरी माहीत होतं.

सोमवारी त्यांनी फाइलवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'ताकीद योग्य होती. कायम ठेवावी. त्या वेळी एक गोष्ट नोंदवायची राहिली, ती पुढीलप्रमाणे.' खाली पाऊण पान मजकूर, खाली त्यांची सही, आणि तिच्याखाली कर्नलसाहेबांची, भली मोठी आणि वाकडीतिकडी. मेजरने ते पान वाचलं. विद्यालयातला धडा तिला तोंडपाठ होता. तिने पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, हे धड्यातही घालायला हवं."

"तुझ्या हातात आहे ते. मी तर चालले."

पदक त्या वर्षी तोफखान्याच्या एका जनरलला मिळालं. समितीने कारण दिलं नाही, बाईंनी विचारलंही नाही. त्यांना एक पायरी खालचं पदक मिळालं. निरोपाच्या दिवशी बँड वाजला, रिवाजाप्रमाणे मोटारीला दोर बांधून अधिकाऱ्यांनी ती फाटकापर्यंत ओढत नेली, आणि मेजर सर्वांदेखत हुंदके देऊन रडली. धाकटी बहीण मात्र घरी आल्यावर दोन दिवस त्या समितीला शिव्या देत होती. "एका ओळीपायी!" ती म्हणे. "अगं, एका ओळीपायी!" तिसऱ्या दिवशी तिने ते खालच्या पायरीचं पदक कपाटातून काढलं, ब्रासोने घासलं आणि पुन्हा ठेवलं.

निवृत्तीची सवय व्हायला वेळ लागला. बाई पावणेआठला तयार होऊन बसत आणि मग जायचं कुठे हे आठवत नसे. बहिणीच्या डब्यांना लेबलं लावून झाली. बहिणीने एक दिवस सगळी काढून टाकली. "माझ्या स्वयंपाकघरात तपासणी नको," तिने बजावलं.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी फोन आला. अनोळखी बाईचा आवाज होता, जरा अवघडलेला.

"मी सायकलच्या दुकानावरच्या घरातून बोलतेय. तुम्ही आईला भेटायला आला होता."

"हो." बाई फोन धरून नकळत ताठ उभ्या राहिल्या.

"आईने मला सगळं सांगितलं. मला अजून... मी त्याबद्दल आज काही बोलत नाही. पण आईचे गुडघे फार दुखतात. मशीन चालवता येत नाही. दाखवायला चल म्हटलं की ऐकत नाही. काल म्हणाली, त्या सिस्टर बरोबर येत असतील तर जाईन. डॉक्टर काय बोलतात ते आपल्याला कळत नाही, त्यांना कळेल, म्हणाली. याल का?"

"कधी?"

"गुरुवारी. सकाळी आठला केसपेपर काढावा लागतो."

"साडेसातला दारात असेन," बाई म्हणाल्या.

गुरुवारी सरकारी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या. मुलगी कामावर गेली होती. बोलणं फारसं झालं नाही. शिवणवालीने समोरच्या मुलांच्या गणवेशांकडे पाहून सांगितलं की ते तिचे नाहीत, टाके लांब आहेत. बाईंनी समोरच्या सिस्टरच्या टोपीबद्दल मत दिलं. नंबर आला तेव्हा तरुण डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "बरोबर कोण? मुलगी की बहीण?"

बाई काही बोलायच्या आत शिवणवालीच म्हणाली, "ओळखीच्या आहेत. सिस्टर आहेत. जे सांगायचंय ते त्यांना नीट सांगा."

डॉक्टरने दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि एक्स-रे लिहून दिला. एक्स-रेची खिडकी तळमजल्यावर होती आणि तिथली रांग दारापर्यंत आली होती. बाईंनी शिवणवालीला सावलीतल्या बाकावर बसवलं, तिची पिशवी तिच्या मांडीवर दिली, आणि केसपेपर हातात घेऊन त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.